सावित्रीकाठचे महाड आणि त्याची विस्मरणात चाललेली घरे

महाडला येणारा माणूस चवदार तळ्यावर नतमस्तक होतो आणि रायगडच्या वाटेला लागतो. त्यात गैर काही नाही. परंतु ज्या गावात इतके घडले, त्या गावातील घरे, बंदर आणि माणसे यांच्याकडे आम्हा महाडकरांचेच लक्ष नाही, याचे मला मनापासून दुःख आहे.

सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या काठी वसलेले हे जुने व्यापारी गाव आहे. जवळच्या गांधारपाले येथील बौद्ध लेणी पाहिली की, ही वस्ती आणि ही वाट किती प्राचीन असेल याची कल्पना येते. पेशवाईच्या अखेरीस १७९६ मध्ये नाना फडणवीस इथे आश्रयाला होते, तर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांकडून पराभव झाल्यावर दुसरे बाजीरावही पुण्याहून महाडलाच आले आणि पुढे समुद्रमार्गे वसईला गेले.

१९२७ च्या चवदार तळे सत्याग्रहाचा इतिहासही सावित्री नदीला सोडून नाही. डिसेंबरमधील सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनुयायांसह मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले, दासगाव बंदरात उतरले आणि तिथून सुमारे आठ किलोमीटर चालत महाडला आले. गावात परिषदेला जागा मिळत नव्हती, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली. त्याआधी मार्चमध्ये, तळ्याचे पाणी प्यायलेले दलित आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठून तळ्यावरून परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला, त्या वेळी काहींना मुसलमान कुटुंबांनी आपल्या घरात आसरा दिला होता. ती घरे नेमकी कोणती, हे आज गावातील किती जणांना सांगता येईल? नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषवलेले सुरबानाना टिपणीस, परिषदेसाठी राबलेले याच पंचक्रोशीतील रामचंद्र बाबाजी मोरे आणि अनंतराव चित्रे यांची नावे पुस्तकांत आहेत. ती गावाच्या रस्त्यांवरही दिसायला हवीत.

‘जुन्या जखमा कशाला उकरायच्या?’ असे मला अनेकदा ऐकवले जाते. हा आक्षेप मला मुळीच मान्य नाही. काठ्या घेऊन धावलेले लोक याच गावचे होते आणि दार उघडणारेही याच गावचे होते. पहिली गोष्ट झाकायची म्हणून दुसरीही पुसून टाकली, तर ज्यांनी धोका पत्करला त्यांच्यावर तो अन्याय होतो.

घाई करण्याचे कारण पूर हे आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर मी आत्याच्या घरी गेलो, तेव्हा माजघरातील सागवानी खांबावर माझ्या डोक्याच्या वर गाळाची तांबूस रेघ उमटलेली होती. पत्र्याच्या ट्रंकेतील खरेदीखते, घरपट्टीच्या पावत्या आणि मोडीतील काही कागद एकमेकांना चिकटून त्यांची वडी झाली होती. आम्ही ते सुतळीवर वाळत घातले. निळ्या शाईची अक्षरे तोवर पसरून गेली होती, आणि एका दस्तावर केवळ शिक्का तेवढा वाचता येत होता. असे नुकसान किती घरांत झाले असेल! त्यातच पूर ओसरल्यावर ओल धरलेली जुनी घरे पाडून तिथे इमारती उभ्या राहू लागल्या, आणि तेही समजण्यासारखे आहे, कारण ओल्या भिंतींमध्ये संसार करणाऱ्याला वारशाची महती सांगून भागत नाही.

म्हणूनच घरे जशीच्या तशी राखा असा माझा आग्रह नाही. घर पाडण्यापूर्वी ओटी, माजघर, खांब आणि दारे यांची छायाचित्रे घ्यावीत, घरातील सर्वांत वृद्ध माणसाला तासभर बोलते करून ते ध्वनिमुद्रित करावे आणि कागदांच्या प्रती गावाबाहेरही एखाद्या सुरक्षित ठिकाणी ठेवाव्यात. दासगाव बंदरापासून महाडपर्यंतच्या वाटेवर ठिकठिकाणी साधे दगडी फलक लावण्याचे काम नगरपालिका आणि ग्रामपंचायत यांनी एकत्र बसून ठरवावे, आणि मजकूर लिहिताना त्या त्या घरातील माणसांना विचारावे.

आत्याची ट्रंक आता माळ्यावर आहे. वाचता येतील तेवढ्या कागदांची छायाचित्रे मी काढली आहेत. मोडी जाणणारे कोणी महाडात असल्यास कृपया कळवावे.