नोकराचा पार्ट कापू नका

आमच्या बेळगाव-खानापूर भागात जत्रेला नाटक बसवायचं ठरलं की आधी वर्गणीची बैठक होते आणि लगेच कात्री निघते. वेळ कमी, माणसं कमी, स्त्री पात्रं बाहेरून बोलवायची तर त्यांची बिदागी आली. मग संहितेवर लाल रेघा पडतात. "दोन वाक्यांचा तर पार्ट, काढूया की!" नायकाच्या स्वगताला कुणी हात लावत नाही. जातात ते नोकर, दासी, शेजारीण, शिपाई.

विनोदी नाटकात हे एक वेळ चालेल. शोकांतिकेत अजिबात चालत नाही, असं माझं ठाम मत आहे. नायक स्वतःच्या दुःखात इतका बुडालेला असतो की त्याच्या पडण्याने भोवतालच्या माणसांचं काय होतंय ते त्याला दिसत नाही. ते आपल्याला दिसतं या छोट्या पार्टांमधून. ते काढले की उरते एका घरातली रडारड.

शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'चा तिसरा अंक घ्या. लिअर राजाचा जावई कॉर्नवॉल म्हाताऱ्या सरदार ग्लॉस्टरचा एक डोळा काढतो. तेवढ्यात त्याचाच एक नोकर मध्ये पडतो. लहानपणापासून तुमची चाकरी केली, पण आत्ता तुम्हाला थांबवतोय याहून चांगली चाकरी कधी केली नव्हती, असं मालकाला तोंडावर सांगतो. शेक्सपिअरने या माणसाला नावसुद्धा दिलेलं नाही. तलवारी निघतात, कॉर्नवॉल घायाळ होतो आणि त्याची बायको, लिअरची मुलगी रीगन, पाठीमागून वार करून नोकराला मारते. ग्लॉस्टरचा दुसरा डोळाही जातो. नोकराच्या हातून काहीच वाचलं नाही, असं वाटतं. पण त्याच जखमेने कॉर्नवॉल मरतो, रीगन विधवा होते, ग्लॉस्टरचा मुलगा एडमंड याच्यावरून ती आणि तिची बहीण गॉनरिल यांच्यात वैर पेटतं आणि त्यात दोघीही संपतात. राजे-सरदारांच्या या नाटकाला एवढा धक्का देतो तो एक बिननावाचा गडी!

तो मेल्यावर उरलेले दोन नोकर ग्लॉस्टरच्या रक्ताळलेल्या चेहऱ्यासाठी जवसाचे तंतू आणि अंड्याचा पांढरा बलक आणायचं ठरवतात. या ओळी 1608 च्या छापील प्रतीत आहेत, 1623 च्या प्रतीत नाहीत. म्हणजे कात्री तेव्हाही होतीच. मला 1608 ची प्रत जवळची वाटते. इतक्या क्रौर्यानंतर कुणीतरी औषध शोधायला निघतं, हे प्रेक्षकाला दिसायलाच हवं.

आपल्याकडे गडकऱ्यांचं 'एकच प्याला' पाहा. 1919 साली रंगभूमीवर आलेलं हे नाटक आपण सुधाकर-सिंधूचं म्हणतो. पण सुधाकरला पहिला प्याला देणारा तळीराम हा त्याचाच कारकून. लोक त्याला हसतात, हसता हसता त्याच्या बाजूचे होतात, आणि मग आजारी तळीरामाच्या खाटेभोवती डॉक्टर आणि वैद्य भांडू लागतात तेव्हा हसणं जड जातं. त्याची बायको गीता तर मला फार मोलाची वाटते. सिंधू नवऱ्याविरुद्ध अवाक्षर काढत नाही. प्रेक्षकांतल्या बायकांच्या मनातला संताप बोलून दाखवते ती फटकळ गीता. बिदागी वाचवायला तिला काढलं, की सिंधूचं सोसणं हाच काय तो आदर्श, असं नाटक म्हणू लागतं.

शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून 'झुंजारराव' लिहिणारे नाटककार गोविंद बल्लाळ देवल बेळगावात शिकले आणि काही काळ इथेच शिक्षक होते. मूळ नाटकात, बायकोबद्दल खोटं सांगून नायकाला भडकवणाऱ्या इयागोचं कपट उघड्यावर आणते ती त्याचीच बायको एमिलिया, एक दासी. नवऱ्याने गप्प बसायला सांगूनही बोलते आणि त्याच्याच हातून मरते.

आमच्या गावांत असे पार्ट मिळतात ते दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबून किंवा दुकानात माल उचलून तालमीला येणाऱ्या पोरांना. असा पोरगा स्टेजवर मालकाला "थांबा" म्हणतो, तेव्हा समोर बसलेल्या गावाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

वेळ वाचवायचाच असेल तर लांब भाषणं अर्धी करा, दोन पदं कमी करा. गडकऱ्यांची वाक्यं मला जिवापाड प्रिय आहेत, तरी हे म्हणतोय. आणि त्या दोन वाक्यांच्या पोरालाही नायकाइतक्याच तालमी द्या. यंदा आपल्या भागात कोण शोकांतिका बसवतंय ते खाली लिहा. मी तालमीला यायला तयार आहे.