बीज बापाचं, आई नुसती जमीन? शेतसुद्धा असं चालत नाही

“बीज बापाचं, आई म्हणजे जमीन. सगळा आराखडा बीजात, जमीन फक्त पोसते.” गर्भाचं चित्र लावून हा मजकूर सगळीकडे फिरतोय, आणि खाली ठोकून दिलंय, ‘हे विज्ञान आहे’. आमच्या घरच्या ग्रुपवर तो दोनदा आला. दुसऱ्यांदा आल्यावर मावसबहिणीने एवढंच विचारलं, “खरंच?” त्या मजकुरातल्या एकेका दाव्याला हे उत्तर, तिच्यासाठी.

“बीज बापाचं.” आधी शेतातच जाऊ. मक्याच्या शेंड्याला तुरा येतो, त्यातून पराग झडतो. कणसाच्या टोकाला रेशमासारखे केस असतात, त्यातला एकेक केस होऊ घातलेल्या एकेका दाण्याशी जोडलेला असतो. केसावर पराग पडून रुजला तरच तो दाणा भरतो. संकरित बियाण्याच्या प्लॉटमध्ये मादी ओळींचे तुरे खुडतात आणि बियाणं काढतात ते त्याच मादी ओळींतून. शुक्राणूची बरोबरी करायचीच तर परागाशी करा. बी म्हणजे दोघांपासून झालेला गर्भ. ज्याने बियाणं पिकवलंय त्याला ही उपमा पटणारच नाही.

“अंड्यात नुसतं अन्न असतं.” हा दावा सगळ्यात चुकीचा. फळमाशीचं अंडं जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. ते आईच्या पोटात तयार होत असतानाच शेजारच्या पेशी ‘बायकॉइड’ जनुकाचा आरएनए (प्रथिन बनवण्यासाठी जनुकावरून उतरवलेली प्रत) त्याच्या एका टोकाला भरून ठेवतात. त्यापासून होणारं प्रथिन त्या टोकाशी दाट, पुढे विरळ होत जातं, आणि जिथे दाट तिथे डोकं होतं. आईकडे हे जनुक धड नसेल तर अळीला डोकं नाही, छाती नाही. पुढच्या टोकालाही शेपटीचाच भाग. बापाकडून चांगली प्रत आली तरी फरक पडत नाही. अशी जनुकं हुडकून काढणाऱ्या ख्रिस्तियाने न्युस्लाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांना १९९५ मध्ये एडवर्ड लुईस यांच्यासह नोबेल मिळालं. बायकॉइड माणसात नाही, हेही सांगायला हवं. पण आईने अंड्यात भरून ठेवलेल्या आरएनए-प्रथिनांवर पहिले दिवस काढायचे, ही रीत माणसातही आहे.

“गर्भ राहिला त्या क्षणापासून नवा डीएनए हुकूम सोडतो.” नाही. माणसाच्या गर्भात स्वतःची जनुकं जोमाने कामाला लागतात ती चार ते आठ पेशी झाल्यावर, साधारण तिसऱ्या दिवशी. उंदरात दोन पेशींना. ‘मेटर’ नावाचं जनुक नसलेल्या उंदरीचे गर्भ त्या दोन पेशींवरच थांबतात. तळ्यातल्या गोगलगायीचं तर आणखी स्पष्ट आहे. तिच्यात शंखाला उजवं वळण देणारं जनुक प्रभावी, म्हणजे एक प्रत असली तरी पुरते. तरीही अंडं देणारीकडे ते नसेल, तर जोडीदाराकडून आलं असूनही सगळी पिल्लं डाव्या वळणाची निघतात. पहिल्या काही विभाजनांतच वळण ठरून जातं. जनुकशास्त्रज्ञ स्टर्टेव्हंट यांनी याचा उलगडा १९२३ मध्येच केला होता.

“पेशींना दिशा शुक्राणू देतो.” इथे थोडं तथ्य आहे, आणि ते मी लपवणार नाही. बेडकाच्या अंड्यात शुक्राणू जिथून शिरतो, साधारण त्याच्या समोरच्या बाजूला पाठ होते. तो शिरल्यावर अंड्याचा बाहेरचा थर सुमारे ३० अंशांनी सरकतो, तळाशी असलेले ‘विंट’ या पेशींच्या संदेशमार्गाचे घटक त्या बाजूला जातात, तिथे बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन साचतं आणि पेशींना ‘इथे पाठ’ असा संदेश मिळतो. पण सरकणारा तो सगळा साठा आईचा.

बापाचा वाटा कमी लेखायचा नाही. अर्धा डीएनए त्याचा, अंड्याला जागं करणारी कॅल्शियमची लाट त्याच्या शुक्राणूमुळे उठते, आणि माणसात पेशी विभागायला लागणारं तारककेंद्रही त्याच्याकडून येतं. नुसत्या आईच्या दोन जनुकसंचांवर उंदराचा गर्भ पूर्ण वाढत नाही, हे १९८४ मध्ये अझीम सुरानी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं.

आणखी एक. हा आईचा वाटा म्हणजे तिच्या जनुकांनी अंड्यात भरलेला माल. पोटुशी असताना तिने काय ऐकलं, कुणाचं तोंड पाहिलं, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. उद्या यावरून कुणी तिलाच बोल लावेल, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

मजकुराची शेवटची ओळ आहे, “मुलगी झाली तर दोष जमिनीचा.” वर लिहिलं सगळं बीजात, आणि खाली दोष जमिनीला? अंड्यात कायम एक्स गुणसूत्रच असतं. त्याला जोडीला एक्स (मुलगी) की वाय (मुलगा), हे शुक्राणूवरून ठरतं. आणि मुलगी होणं हा दोष नाहीच.