हन्नाने वाट पाहिली तशी
आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळात, दर रविवारी एक मेणबत्ती लावतात, त्यातली पहिली आशेची असते हे आगमनकाळावरच्या एका लेखात वाचलं आणि एकदम आई आठवली. ती गेली त्या वर्षी मी चर्चला जाणंच सोडलं होतं, नगरला आमच्या गल्लीत डिसेंबरात सगळ्यांच्या दारावर स्टार लागले तरी आमचा माळ्यावरच, करंज्या नाहीत काही नाही. मावशीने एका रविवारी जबरदस्तीने नेलं तर पाळकसाहेबांचा उपदेश नेमका बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातल्या (अध्याय 2) हन्नावर, लग्नानंतर 7 वर्षांत नवरा गेला, म्हातारी झाली तरी मंदिर सोडलं नाही, उपास प्रार्थना चालूच, आणि शेवटी बाळ येशूला डोळ्यांनी बघितलं तिने. मी रडलेच तिथे.
लेखात मन प्रसन्न ठेवा असं म्हटलंय, ते ठीक आहे, पण आशा मूडवर नाही हो टिकत, देव दिलेला शब्द पाळतो यावर टिकते. माझं दुःख अजून आहेच, पण आता मी त्याच्यासकट वाट बघते. या वर्षी जांभळ्या तीन मेणबत्त्या आणल्यात, तिसऱ्या रविवारची गुलाबी बहीण पुण्याहून आणतीये, आणि स्टार कालच लावला.