जुन्या पीडीएफ पुन्हा उघडण्याबाबतच्या आपल्या एक तारा अभिप्रायास उत्तर

आदरणीय वकील मॅडम,

आपण लिहिले आहे की, मॅकवर पीडीएफ पाहण्याच्या 'प्रीव्ह्यू' या अ‍ॅप्लिकेशनमध्ये जुन्या पीडीएफ आपोआप उघडतात म्हणून आपण आपला आयमॅक आमच्या म्हापशाच्या दुकानात दिला, आम्ही काम झाल्याचे सांगून पैसे घेतले, आणि दुसऱ्याच दिवशी एका अशिलाला फॉर्म १ व १४चा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा दाखवताना दुसऱ्याच अशिलाचे विक्रीखत पडद्यावर आले. हे आपण लिहिले तसेच घडले असणार, याविषयी मला शंका नाही. चूक आमची आहे. ज्या कार्यालयात लोक आपली विक्रीखते आणि इन्व्हेंटरी (वारशाच्या वाटणीच्या) प्रकरणांचे कागद विश्वासाने सोपवून जातात, तेथे अशी चूक किरकोळ ठरत नाही.

चूक नेमकी कोठे झाली, ते सांगणे माझे कर्तव्य आहे. मॅक रीस्टार्ट करताना येणाऱ्या चौकटीत 'रीओपन विंडोज व्हेन लॉगिंग बॅक इन' असा पर्याय असतो. आमच्या कारागिराने त्यावरची खूण काढली, यंत्र एकदा रीस्टार्ट केले, पडदा रिकामा दिसला आणि काम संपल्याचे समजून यंत्र आपल्या हवाली केले. परंतु तो पर्याय केवळ लॉगिननंतर काय उघडावे, एवढेच ठरवतो. बंद करतेवेळी उघड्या असलेल्या खिडक्या लक्षात ठेवण्याची प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनची सवय त्याने जात नाही. म्हणूनच आपण एकच उतारा उघडलात, तरी 'प्रीव्ह्यू'ने आदल्या दिवशीची कागदपत्रेही त्याच्यासोबत मांडली.

ती सवय बंद करणारे 'क्लोज विंडोज व्हेन क्विटिंग अ‍ॅन अ‍ॅप्लिकेशन' हे सेटिंग पूर्वी 'जनरल'मध्ये असे. २०२२ साली आलेल्या व्हेंचुरा या मॅकच्या प्रणालीच्या आवृत्तीपासून ते 'डेस्कटॉप अँड डॉक'मध्ये गेले आहे. आमच्या कारागिराला ते जुन्या जागी सापडले नाही आणि त्याने मला विचारलेही नाही. पीडीएफ उघड्या ठेवून 'प्रीव्ह्यू' बंद करायचे आणि पुन्हा उघडून पाहायचे, ही साधी चाचणी यंत्र परत देण्यापूर्वी मी स्वतः करायला हवी होती.

आपण व्हायरसची आणि दुकानात फायली उघडल्या गेल्याची शंकाही व्यक्त केली आहे. ती मला मनाला लागली, तरी आपल्या जागी मलाही तीच आली असती. खिडक्या पुन्हा उघडण्याची ही सोय २०११ सालच्या लायन या आवृत्तीपासून मॅकमध्येच आहे. अर्धवट राहिलेले काम पुढे चालू करणाऱ्याला ती उपयोगी पडते, वकिलाच्या मेजावर मात्र ती नको. त्यामुळे कोणी फॉर्मॅट करण्याचा सल्ला दिला असेल, तर कृपया तसे करू नये. त्याची गरज नाही.

एक गोष्ट मात्र सेटिंगवर सोडता येत नाही. पावसाळ्यात वीज अचानक गेली, की अ‍ॅप्लिकेशन रीतसर बंद होत नाही, आणि वर सांगितलेले सेटिंग रीतसर बंद करण्यापुरतेच आहे. आपल्या आयमॅकला यूपीएस नसेल, तर तो जोडावा. आणि वीज आल्यावर पासवर्ड टाकून लॉगिन करताना शिफ्ट कळ दाबावी व खाली डॉक, म्हणजे चिन्हांची पट्टी, दिसेपर्यंत ती सोडू नये, म्हणजे लॉगिन होताच जुन्या खिडक्या आपोआप उघडणार नाहीत. हे आपल्याला यंत्र देतानाच सांगायला हवे होते.

आपले पूर्ण पैसे परत करत आहे. आपली अनुमती असल्यास मी स्वतः आपल्या कार्यालयात येऊन, आपल्यासमोर, कोरी पीडीएफ वापरून दोन्ही सेटिंगे तपासून देईन. अशिलांची एकही फाईल उघडावी लागणार नाही. वेळ आपण ठरवावी.