उजवा विम्याचा, डावा शिबिराचा

गेले सहा महिने मी चष्म्याशिवाय पेपर वाचत होतो. वयाच्या ६८ व्या वर्षी. कट्ट्यावर हे मी सगळ्यांना सांगून झालं होतं, काहींना दोनदा. ३४ वर्षं गणित शिकवलेल्या माणसाकडे मिरवण्यासारखं फारसं काही नसतं, म्हणून मिळालं ते पुरवून पुरवून वापरलं. श्रेय आधी गाजराला दिलं, मग पहाटेच्या थंड पाण्याच्या हबक्यांना आणि शेवटी आमच्या घराण्याला.

लांबचं मात्र धूसर दिसायला लागलं होतं. म्हणून मंगळवारी सांगलीच्या एसटी स्टँडसमोरच्या चष्म्याच्या दुकानात नंबर काढायला गेलो. तपासणाऱ्या मुलीचं वय जेमतेम २२. तिलाही मी चष्म्याशिवायचं वाचन करून दाखवलं. तिने डोळ्यांत उजेड मारला आणि म्हणाली, "काका, हे सुधारणं नाही, हे पिकणं आहे. मोतीबिंदू पिकताना कधीकधी जवळचं असं दिसायला लागतं. थोडेच दिवस."

थोडेच दिवस! गाजरं, हबके आणि घराणं एका वाक्यात निकालात. आणि 'काका'! निदान 'सर' तरी म्हणायचं.

बाहेर येऊन बसतो न बसतो तोच काउंटरवरचा मुलगा एक गुळगुळीत कागद घेऊन आला. "सर, रिटायर्ड टीचर्ससाठी खास. डोळ्यांचा विमा. वर्षाला फक्त १,४९९." (हा 'सर' म्हणाला, पण विकायला आलेला माणूस भिंतीलाही सर म्हणतो.) कागदाच्या तळाला मुंग्यांच्या मुंजीची पंगत बसावी तसा बारीक मजकूर होता. मी तो चार इंचांवर धरून अक्षरन् अक्षर वाचला. पिकत्या मोतीबिंदूचा हा एवढा तरी उपयोग. त्यात 'विमा' हा शब्द कुठेही नव्हता, 'सदस्यत्व' होतं. वर्षातून दोन तपासण्या मोफत आणि फ्रेम-काचांवर १५ टक्के सूट. मोफत तपासणीची पाटी तर दुकानाच्या दारावरच रंगवलेली होती.

खोड जात नाही. मी पेन काढलं. एक निवृत्त शिक्षक दर चार वर्षांनी ३,२०० रुपयांचा बायफोकल करतो. तर १५ टक्क्यांनी त्याचे किती वाचतील? ४८०. आणि त्यासाठी चार वर्षांत तो किती भरेल? ५,९९६. मुलगा म्हणाला, "सर, चष्मा दरवर्षी बदलायचा असतो." चष्मा आहे का कालनिर्णय? बरं, २२ सप्टेंबर २०२५ पासून चष्म्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, मग माझी फ्रेम मागच्याच भावाला कशी, असं विचारलं तर म्हणाला, "सर, ही नवीन फ्रेम आहे." जुनी फ्रेम माझ्या नाकावर होती. दोन्हींमध्ये सहा फरक शोधा म्हटलं असतं, तर मला एकही सापडला नसता.

"घिऊ नका गुरुजी," शेजारच्या खुर्चीवरून आवाज आला.

गृहस्थ ७२ वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. माझी ओळख विचारायची तसदी त्यांनी घेतली नाही. "माझ्याकडं बगा," म्हणाले आणि बोटांनी दोन्ही पापण्या वर ओढल्या. "ह्यो उजवा विम्याचा. ह्यो डावा शिबिराचा."

मी बघितलं. दुकानातल्या सगळ्यांनीच बघितलं. डोळे डोळ्यांसारखे होते.

"उजव्याच्या मोतीबिंदूचं बिल ५२ हजार. विमा किती लाखाचा? पाच. दिले किती? डोळ्याला ४० हजाराची मर्यादा, त्यातबी पाच टक्के कापून. उरलं ते आपलं. डावा शिबिरात केला. गाडी त्यांची, जेवण त्यांचं, काळा चष्माबी त्यांचा. आपला फक्त डोळा."

मग दुकानाच्या दारात उभं राहून त्यांनी प्रात्यक्षिक सुरू केलं. उजव्यावर तळहात ठेवला, समोरच्या गाडीचा बोर्ड वाचला, "तासगाव." मग डावा झाकला, "तासगाव." मग माझ्याकडे वळून, एसटीत सुट्टे मागताना असते तशी मुद्रा करून, "काय फरक पडला? गाडी तासगावलाच जाणार न्हवं?"

"काहीच फरक नाही?" मी विचारलं.

"हाय की. रंगात. उजव्यातनं चादर पांढरी दिसती ती डाव्यातनं जरा पिवळट दिसती. लेन्स येगळी टाकल्या म्हणं. मंडळींनी निळं लुगडं नेसलं का आकाशी, ते दोन्ही डोळ्यांनी येगळं येगळं सांगतो. घरात भांडाण झालं की विम्याचा डोळा मिटून बसतो. फुल्ल तिकिटाचा हाय, कशाला झिजवा."

काउंटरवरचा मुलगा मधे बोलू बघत होता. कंडक्टरांनी नुसता हात वर केला. त्या हाताने ३० वर्षं घंटीची दोरी ओढलेली. पोरगं जागच्या जागी थांबलं.

मी पिशवीतून दुसरा कागद काढला. तो खराखुरा विमा. माझी पेन्शन जमा होते त्या बँकेतला एक तरुण महिनाभर माझ्या मागे आहे. पूर्वी पासष्टी ओलांडलेल्याला नवी आरोग्य पॉलिसी द्यायचं बंधन कंपन्यांवर नव्हतं. ते नियम बदलले १ एप्रिल २०२४ पासून. तारीख मी बनवलेली नाही. तेव्हापासून माझ्या प्रकृतीची एवढी चौकशी होते की मुलानेसुद्धा कधी केली नाही. जोडीला, न मिळणाऱ्या खर्चांची यादी आहे. तिच्यात पहिलंच नाव बेबी फूडचं. अडुसष्टाव्या वर्षी हे वाचून मी जरा सावरून बसलो.

आमची मेहुणी अमेरिकेत न्यू जर्सीला शाळेतून निवृत्त झाली. तिकडे तर म्हणे डोळ्यांचा विमा वेगळा, दातांचा वेगळा, आणि सरकारी मेडिकेअर मोतीबिंदूचं बघतं पण नुसता चष्म्याचा नंबर काढायचा तर साधारणपणे तुमचं तुम्ही बघा. तिला विचारलं तर म्हणाली, "तुमच्याकडे बरंय." कुठलं बरंय, ते विचारायच्या आत तिचं पार्सल आलं.

कंडक्टरांनी माझा कागद लांब धरला, आधी शिबिराच्या डोळ्याने बघितला, मग विम्याच्या. "मोतीबिंदूचं पैसं मिळायला थांबायचं किती?"

"२४ महिने."

"वय?"

"६८."

"म्हंजे सत्तरीला चालू. आन् सत्तरीला सरकारचं वय वंदना कार्डबी निघतंय, वर्षाला पाच लाखाचं. दवाखाना तेवढा यादीतला पायजे, आन् यादीतला दवाखाना गावात पायजे. मग दोन वर्षं हप्ता कशाचा भरताय?"

वर्षाचा हप्ता २७,४०० सांगितलेला. दोन वर्षांचे ५४,८००, आणि त्यानंतर डोळ्याला जास्तीत जास्त ४० हजार. बाकीच्या शरीराचाही विमा त्यातच आहे, हे मला मान्य आहे. उद्या हृदयाने काही केलं तर मी हा लेख मागे घेईन. पण चिडायचं ते चिडलोच. ३४ वर्षं ट्यूबलाइटखाली उत्तरपत्रिका तपासल्या, निवडणुकीच्या याद्यांत मेलेल्या मतदारांची नावं शोधली, जनगणनेला दारोदार फिरलो. हे डोळे सरकारने पुरेपूर वापरले. आणि आता ते जुने झाले तर दोन वर्षं कळ काढा. दोन वर्षं मोतीबिंदूने थांबायचं की मी, एवढं तरी कुणी सांगा.

काहीच घेतलं नाही. तपासणी पाटीप्रमाणे मोफत, तरी मुलाने कार्डाचे ५० रुपये लावले. कंडक्टर पुढच्या शिबिराची तारीख पाकिटावर लिहून देऊन, न विचारता तासगावच्या गाडीत चढले. त्यांना तासगावला जायचं होतं का, कोण जाणे.

संध्याकाळी कट्ट्यावर गेलो. एक निवृत्त पर्यवेक्षक, जे माझ्या चष्म्याशिवायच्या वाचनावर सहा महिने जळत होते, ते पेपर नाकाजवळ धरून बसले होते. चष्मा खिशात. "सर, हल्ली मलाही लागत नाही हो," ते म्हणाले. "गाजराचं तुमचं अगदी खरं निघालं."

मी त्यांचं अभिनंदन केलं.