ओहायो स्टेट, नेब्रास्का 2020 मध्ये "एका सीझनपुरत्या" दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये चालल्या होत्या? नाही हो

अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा सीझन जवळ आला की हा दावा परत फिरायला लागतो. तिथे युनिव्हर्सिट्यांच्या टीम्स कॉन्फरन्स नावाच्या गटांत खेळतात; बिग टेन, एसईसी, बिग ट्वेल्व्ह, एसीसी, पॅक-12 हे असे गट, आणि ओहायो स्टेट, नेब्रास्का या बिग टेनच्या. मजकूर साधारण असा की ऑगस्ट 2020 मध्ये बिग टेनने कोविडमुळे सीझन पुढे ढकलला तेव्हा ओहायो स्टेट, नेब्रास्का आणि अजून दोन-चार टीम्सचं एसईसीत नाहीतर बिग ट्वेल्व्हमध्ये एका वर्षापुरतं खेळायचं पक्कं झालं होतं, पण बिग टेनचा तेव्हाचा प्रमुख, म्हणजे कमिशनर, केव्हिन वॉरेनने धमकी दिली म्हणून सगळं बारगळलं, आणि पुरावा काय तर नोटर डेम युनिव्हर्सिटी नाही का त्याच वर्षी एसीसीत खेळली! मी ते दिवस सकाळ-संध्याकाळ बातम्या बघत काढलेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"पक्कं झालं होतं" हे आधी. झालं एवढंच की 10 ऑगस्टला नेब्रास्काचे कोच स्कॉट फ्रॉस्ट म्हणाले की आम्हाला खेळायचंय आणि त्यासाठी सगळे पर्याय बघायची तयारी आहे. दुसऱ्या दिवशी, 11 ला, बिग टेनने आणि पॅक-12 ने सीझन पुढे ढकलला आणि लोकांनी फ्रॉस्टच्या त्या एका वाक्यावर अख्खा इमला उभा केला. 13 तारखेला खुद्द युनिव्हर्सिटीने सांगितलं की आम्ही बिग टेनमध्येच आहोत. म्हणजे ही चर्चा जेमतेम तीन दिवस टिकली, आणि त्यातही ती एका कोचची इच्छा होती, करार नव्हता.

धमकीचं म्हणाल तर वॉरेनला सरळ प्रश्न विचारला होता की नेब्रास्का यंदा बाहेर खेळून बिग टेनची मेंबर राहू शकते का, त्याने नाही म्हटलं. ही धमकी कसली, मेंबरशिपचा अर्थच तो आहे.

आता नोटर डेम, कारण खरा घोळ इथे आहे आणि हा मुद्दा ऐकून भली भली माणसं गप्प होतात. नोटर डेम फुटबॉलमध्ये स्वतंत्र टीम आहे, कुठल्याच कॉन्फरन्सची नाही, म्हणजे तिला कुणाला सोडून यायचंच नव्हतं. बाकीच्या बहुतेक खेळांत ती 2013 पासून एसीसीतच आहे आणि 2020 च्या मूळ शेड्यूलमध्येही तिच्या सहा मॅचेस एसीसीच्याच टीम्सशी होत्या. बाकीच्या कॉन्फरन्सेस एकामागून एक बाहेरच्या मॅचेस बंद करत होत्या म्हणून तिला आसरा हवा होता, तो एसीसीने 29 जुलैलाच, म्हणजे बिग टेनच्या निर्णयाच्या जवळजवळ दोन आठवडे आधी जाहीर केला, आणि बदल्यात नोटर डेमने एनबीसी या टीव्ही चॅनेलवरच्या आपल्या घरच्या मॅचेसचा पैसा सगळ्यांत वाटून घ्यायला होकार दिला. टायटलसाठी खेळायचा हक्कही मिळाला, नोव्हेंबरमध्ये एसीसीच्याच क्लेमसनला 47-40 हरवलं, डिसेंबरच्या फायनलला त्याच क्लेमसनकडून 34-10 हरले, आणि पुढच्या वर्षी परत स्वतंत्र. ओहायो स्टेटचं यातलं काहीएक जुळत नाही, तिच्या घरच्या मॅचेसचे टीव्ही हक्कच बिग टेनच्या हातात, मग ती वाटणार काय?

आणि जागा तरी कुठे होती? एसईसीने 14 टीम्सना प्रत्येकी 10 मॅचेस, त्याही सगळ्या आपापसातच, असं जुलैअखेरीसच ठरवून टाकलं होतं. बिग ट्वेल्व्हमध्ये तेव्हा 10 टीम्स, प्रत्येकीच्या नऊ मॅचेस एकमेकींशी आणि बाहेरची फक्त एक. त्यात नवीन टीम कोंबायची म्हणजे सगळ्यांचं शेड्यूल परत मांडायचं, तेही सीझन तोंडावर आलेला असताना.

लोकांना वाटतं कॉन्फरन्स बदलणं म्हणजे भाड्याचं घर बदलण्यासारखं, पण खऱ्या बदलाला काय लागतं ते नेब्रास्काच्याच इतिहासात आहे. जून 2010 मध्ये जाहीर केलं, बिग टेनमध्ये पहिला सीझन खेळली 2011 ला, आणि जाताना बिग ट्वेल्व्हने तिचे 92.5 लाख डॉलर कापून घेतले. मेरीलँड युनिव्हर्सिटीला तर एसीसी सोडताना 3 कोटी डॉलरच्या वर सोडावे लागले. एका सीझनसाठी हे कोण करेल आणि पुढच्या वर्षी कुठल्या तोंडाने परत येईल?

अजून एक गोष्ट, जी फार थोड्या लोकांना आठवते. बिग टेनचा सीझन परत सुरू झाल्यावर, ऑक्टोबरअखेर, विस्कॉन्सिनच्या टीममधल्या कोविड केसेसमुळे नेब्रास्काची तिच्याशी असलेली मॅच रद्द झाली तेव्हा तिने त्या जागी चॅटनूगाशी, म्हणजे एका छोट्या टीमशी, एक मॅच खेळू द्या म्हणून विचारलं. बिग टेनने नाही म्हटलं. एका शनिवारची परवानगी मिळाली नाही हो!

मला राग या गोष्टीचा येतो की या अफवेत खरी लढाई झाकली जाते. सीझन परत आणायला कुणी बाहेर पळालं नाही, आत राहूनच भांडले. ओहायो स्टेटच्या जस्टिन फील्ड्सने खेळू द्या म्हणून पिटिशन काढली, तिला तीन लाखांच्या आसपास सह्या मिळाल्या. खेळाडूंचे आईवडील 21 ऑगस्टला रोझमाँटला बिग टेनच्या ऑफिससमोर उभे राहिले. नेब्रास्काचे आठ खेळाडू कोर्टात गेले आणि त्या केसमुळेच कळलं की सीझन पुढे ढकलायच्या बाजूने बिग टेनमधलं मतदान 11 विरुद्ध 3 होतं. आणि कोविडचा हृदयावर परिणाम होईल ही डॉक्टरांची भीती खोटी नव्हती, म्हणून रोजची अँटिजेन टेस्ट, पॉझिटिव्ह आलेल्याची हृदयतपासणी आणि किमान 21 दिवस मॅच बंद असं ठरलं तेव्हाच 16 सप्टेंबरला निर्णय फिरला आणि ऑक्टोबरच्या शेवटी मैदानं उघडली.

ओहायो स्टेटच्या तर मॅचेस इतक्या रद्द झाल्या की बिग टेनच्या फायनलला लागणाऱ्या सहाऐवजी पाचच हातात होत्या, तेव्हा बिग टेनने डिसेंबरमध्ये तो नियमच काढून टाकला. मग नॉर्थवेस्टर्नला 22-10 हरवून त्या बिग टेनच्याच चॅम्पियन झाल्या, आणि 1 जानेवारीला शुगर बोल या मॅचमध्ये फील्ड्सने सहा टचडाउन पास टाकून क्लेमसनला 49-28 ने लोळवलं.