गाडीचं पथ्य

माझ्याकडे १९६७ची एमजी मिजेट आहे, इटुकली ब्रिटिश स्पोर्ट्स कार. या गाडीत बसता येत नाही, पायजम्यासारखी ती अंगावर चढवावी लागते. वर्षातून तीन-चार शनिवारी तिला ट्रेलरवर टाकून मी जुन्या गाड्यांच्या हौशी शर्यतीला नेतो आणि शेवटून दुसरा येतो. शेवटच्याची गाडी बहुधा बंद पडलेली असते. एवढ्या कर्तृत्वाला पेट्रोल कोणतं लागतं, हा प्रश्न मला यंदा अख्खा हिवाळा पुरला.

मूळ दुखणं इंजिनाचं. कारखान्यातून निघालं तेव्हा या १२७५ सीसीच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतलं पेट्रोल-हवेचं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, ८.८ होतं. आधीच्या मालकाने हेड घासून घासून ते साडेअकरावर नेलं. एवढ्या दाबात साध्या पेट्रोलला दम धरवत नाही. हा दम ऑक्टेनच्या आकड्यात मोजतात. ठिणगीची आग पोचायच्या आतच कोपऱ्यातलं पेट्रोल आपलं आपण भडकतं आणि पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो. गेल्या वर्षी तो आवाज मी शेजारच्या गाडीचा समजलो. तेव्हाचा पिस्टन आता माझ्या टेबलावर असतो. त्याच्या टाळूला करंगळी जाईल एवढं भोक आहे. मी त्यात पेन ठेवतो.

मी राहतो त्या अमेरिकेतल्या न्यू जर्सीत पेट्रोल स्वतःच्या हाताने भरायला १९४९पासून बंदी आहे, त्यामुळे पंपावरच्या माणसाशी बोलावंच लागतं.

"रेग्युलर?"

"९३. यात इथेनॉल किती?"

त्याने पंपावरच्या चिकटपट्टीकडे बोट दाखवलं. दहा टक्क्यांपर्यंत.

"आणि बिनइथेनॉलचं कुठे मिळेल?"

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "फुल?"

आता मी वाळवा तालुक्यातला, उसाच्या घरचा. काका साखर कारखान्याचे सभासद. रविवारच्या फोनवर मी त्यांना सांगून बसलो की इथेनॉलने जुने रबरी पाइप फुगतात, टाकीतला गाळ सुटून कार्बोरेटरमध्ये येतो, शिवाय ते हवेतलं पाणी ओढतं. पलीकडे शांतता.

"म्हंजे आमचा ऊस तुला चालत न्हाई."

"काका, इथे मक्याचं घालतात."

"दारू ती दारूच. आमच्या स्कूटरला ईस टक्के चालतंय आन् तुझ्या गाडीला धा टक्क्यानं मळमळतंय व्हय?"

खरं तर ऑक्टेनच्या हिशेबात इथेनॉल गुणी आहे. पण त्यांना ते सांगितलं असतं तर फोन ठेवता आला नसता. मी ऑक्टेनवरच वळलो. म्हटलं, तिकडे पंपावर लिहितात तो एकाच चाचणीचा आकडा. इथे दोन चाचण्यांची सरासरी लिहितात, म्हणून तुमच्या आकड्यातून चार-पाच वजा केले की आमचा आकडा येतो.

"आसं. सातबाऱ्यावर एक आन् मोजणीला दुसरंच."

इतकं नेमकं मला कुठल्याही मेकॅनिकने सांगितलं नव्हतं.

त्यानंतर ऑक्टेन वाढवणारी बाटली आणली. 'सात पॉइंट वाढतात' असं वर छापलेलं. पॉइंट म्हणजे दशांश, हे पैसे दिल्यावर कळलं. ९३चे ९३.७ झाले.

मग विमानाचं पेट्रोल. रंग निळा, नाव १०० एलएल. एलएल म्हणजे लो लेड, शिसं कमी. कमी म्हणजे लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत, 'डाएट' चिवड्याइतकं कमी. त्यावर रस्त्याचा कर भरलेला नसतो, म्हणून ते रस्त्यावरच्या गाडीत घालता येत नाही. छोट्याशा विमानतळावरच्या माणसाने विचारलं, "विमान कुठाय?" मी ट्रेलरकडे बोट केलं. त्याने मान तिरकी करून निरखून पाहिलं. "पंख?"

बिनशिशाचं १०० ऑक्टेनही मिळतं, पण त्यात बऱ्याचदा इथेनॉलसारखी ऑक्सिजनवाली भर असते आणि ती आमच्या क्लबाच्या नियमात बसत नाही. उरलं शर्यतीचं शिसंवालं ११०. जांभळं, गॅलनला पंधरा डॉलर. अमेरिकेत १ जानेवारी १९९६पासून रस्त्यावरच्या गाडीत शिशाचं पेट्रोल घालायला बंदी आहे, शर्यतीच्या गाडीला मुभा. म्हणजे ट्रेलरवर असेपर्यंत माझी मिजेट कायदेशीर. तीच खाली उतरून कोपऱ्यावर दूध आणायला गेली की गुन्हा.

ते आणायचा रस्ता टर्नपाइक नावाच्या हायवेवरून बेवेच्या रिफायनरीजवळून जातो. ऑक्टोबर १९२४मध्ये तिथे पेट्रोलात घालायचं हेच शिसं बनवताना कामगारांना भ्रम व्हायला लागले आणि पाच जण दगावले. वर्तमानपत्रांनी त्याला 'वेडा गॅस' म्हटलं होतं. मागे पाच गॅलनचा लाल कॅन घेऊन तिथून जाताना मी चारही काचा खाली केल्या. बाहेर उणे सहा होतं.

भाव बघून पोटात गोळा आला, म्हणून मध्यमवर्गीय तोडगा काढला. अर्धं जांभळं आणि अर्धं बिनइथेनॉलचं. ते पेनसिल्व्हेनियात एका शेतकी दुकानाच्या पंपावर सापडलं, जाऊन-येऊन दीडशे मैल. क्लबाचा तपासनीस यंत्र बुडवून दारू पकडतो, म्हणून आधी घरीच तपासलं. दुधात पाणी आहे का ते आपण बघतो. इथे उलटं, दारू आहे का ते पाणी घालून बघायचं. मुलाच्या सायन्स प्रोजेक्टच्या मोजपात्रात दहा मिली पाणी, वर शंभर मिली पेट्रोल, बूच लावून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. पेट्रोल शुद्ध असेल तर खालची रेघ दहावरच राहते.

मी गॅरेजमध्ये उकिडवा बसून रेघेकडे बघत होतो. अकरा. चौदा. सतरावर जाऊन थांबली.

"अहो, उद्या शाळेत न्यायचंय ते," दारातून आवाज आला.

"सात टक्के दारू आहे यात!"

"मग विसळून द्या."

तेव्हा निमूटपणे निव्वळ ११०. पंधरा डॉलर गॅलन म्हटल्यावर हात आखडतोच. शर्यतीच्या सकाळी मिजेटच्या टाकीत मी ते लहान मुलाला काढा पाजावा तसं ओतलं. तपासनीसाचं यंत्र गप्प राहिलं. कनेटिकटमधल्या लाइम रॉकचा ट्रॅक जेमतेम दीड मैलाचा. गाडी एकदाही खडखडली नाही. सहाव्या फेरीला मी चक्क एका त्रयस्थ माणसाला मागे टाकलं, आणि त्याची गाडी चालू होती.

आठव्या फेरीला चढावर मिजेट खोकली, दोन आचके दिले आणि कडेच्या गवतात जाऊन उभी राहिली.

ओढून न्यायला ट्रक आला. ड्रायव्हर म्हातारा, अनुभवी. दोरी बांधता बांधता त्याने आपुलकीने विचारलं, "कुठलं पेट्रोल वापरतोस?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न मला कुणी आपणहून विचारला नव्हता. मी त्याला साडेअकराचं कॉम्प्रेशन सांगितलं, दोन चाचण्यांची सरासरी सांगितली, १९२४ सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, टाकीचं झाकण उघडलं, आत डोकावला आणि टाकीवर टिचकी मारली. टाकी घंटेसारखी वाजली.